सांगाड्यावरून व्याह्यांच्या स्वागताला

आमच्या घरातल्या माणसांचे पाय कायम जमिनीवर असत. मोटारीत बसल्यावरसुद्धा! गाडीचा खालचा पत्रा गंजून इतका विरला होता, की मागच्या सीटवर बसणाऱ्याने पाय जरा जड टाकला तर थेट डांबर लागायचं.

ही मोटार माझ्या वडिलांची, अण्णांची. मुंबईत एका शेटजींकडे त्यांनी उभा जन्म ड्रायव्हरकी केली. शेटजी गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती जुनी काळी विलायती गाडी अण्णांनाच देऊन टाकली. अण्णांनी ती आमच्या गावी, धसईला आणली (येताना प्रत्येक गावात हॉर्न वाजवला म्हणे) आणि खळ्याच्या कडेला छपराखाली उभी केली. तिथे आमच्याकडच्या पावसाने तिला खालून खायला सुरुवात केली.

दोन हजार साल उलटलं आणि माझ्या मुलीचं, वैशालीचं, शहापुरात लग्न ठरलं. अण्णा म्हणाले, "पोरगी सासरी माझ्या गाडीतून जाईल. मी चालवनार."

अण्णांनी जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

शहापूरचा वेल्डर येऊन गाडीखाली आडवा झाला, आणि बाहेर आला तो मान हलवतच. म्हणाला, वरवर ठिगळं लावून भागायचं नाही. खाली चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा. वरचा पत्र्याचा डोलारा सगळा उचलून बाजूला काढायचा, तरच नीट वेल्डिंग होईल. बॉडी उतरवून ठेवा, मग मला बोलवा.

"उतरवतो मी," मी म्हणालो.

मी मुरबाडला कचेरीत कारकून. माझ्या बायकोने, सुनंदाने, मला घरातल्या मिक्सरची आठवण करून दिली. आदल्या दिवाळीत मी तो उघडला होता. तो अजून उघडाच होता.

पण मी हटलो नाही. कचेरीतून आलो की गाडीखाली शिरायचो. गंजलेले बोल्ट रॉकेलमध्ये भिजवले, हातोड्याने ठोकले, जे ऐकेनात ते करवतीने कापले. स्टिअरिंगचं चाक काढलं, नुसता दांडा राहिला. ब्रेकची नळी कुजली होती, तीही काढून भिंतीला टेकवली. अण्णा खुर्चीत बसून मधूनमधून "हलू रे" एवढंच म्हणत होते.

उचलायला मी गावातली कबड्डीची टीम सांगितली. तिचा कॅप्टन हिरामण म्हणजे माझा पुतण्या. रविवारी सकाळी मी पोरांना हातवारे करून सगळं समजावलं. तुम्ही बॉडी खांद्यावर घ्यायची. मी सांगाड्यावर बसून दांडा सरळ धरणार. एकाने मागून ढकलायचं, की सांगाडा खालून अलगद बाहेर!

आणि खरंच, टोपावरचं झाकण उचलावं तशी बॉडी उचलली गेली! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी चाकांखालचे दगड स्वतःच्या हाताने काढले, सांगाड्यावर चढून बसलो आणि म्हणालो, "ढकल."

आमचं खळं रस्त्याच्या बाजूला उतरतं आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण नेमकं त्या क्षणी आठवलं नाही. सांगाडा बाहेर आला, आणि येतच राहिला. पाय सवयीने ब्रेकवर गेला. पेडल रिकामं खाली बसलं. मी दांडा दोन्ही हातांनी पिळत होतो, पण चाकाशिवाय तो कसला वळतोय! गोठा गेला, फाटक गेलं.

मागून हिरामणची हाक आली, "काका, ही ठेवायची कुठं?"

उचलण्याचा मी इतका विचार केला होता, की ठेवण्याचा राहूनच गेला होता.

त्याच वेळी समोरून एक जीप वळून थांबली. शहापूरचे व्याही! लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याची यादी, करायला येणार होते, पण दुपारी. मी बनियनवर, अंगाला ग्रीस, हातात दांडा, आणि गाडी नसताना गाडीवर बसून त्यांच्याच दिशेने निघालेलो. हात मोकळे नव्हते म्हणून मान लववून नमस्कार केला.

"या, बसा," मी म्हणालो, आणि त्यांच्या शेजारून पुढे निघून गेलो.

सांगाडा वालाच्या शेतात शिरून बांधाला टेकला. व्याही धावत आले. मला हात देऊन उठवत त्यांनी विचारलं, "गाडी कुठं हाय?"

"वर हाय. पोरांच्या खांद्यावर."

मोडलं लग्न, एवढंच माझ्या डोक्यात. आम्ही धापा टाकत वर पोचलो. पाहतो तर सुनंदाने पेंढ्याचे भारे जवळजवळ मांडून त्यावर बॉडी अलगद ठेववली होती. कोंबडी अंड्यांवर बसावी तशी ती बसली होती, आणि पोरं शेजारी पाणी पीत होती.

मग व्याह्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सगळ्यांच्या बरोबरीने दोर ओढून सांगाडा वर आणला. चहा घेताना ते बॉडीभोवती एक फेरी मारून आले आणि अण्णांना म्हणाले, "लग्नाच्या गाडीला लोक फुलं लावतात. तुमी नवीन पत्रा लावताय. पोर लय लाडाची दिसते. याद काढा, आमचं काय म्हननं नाय."

वेल्डरने काम चोख केलं. त्याच पोरांनी बॉडी परत बसवली, ती पहिल्या झटक्यात भोकाला भोक जुळून बसली. लग्नाच्या दिवशी अण्णा पांढरी टोपी घालून स्टिअरिंगवर बसले. वैशालीने आत शिरल्या शिरल्या पाय आपटून बघितला, खणखणीत आवाज आला, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. धसईहून मुरबाडमार्गे शहापूरपर्यंत गाडी कुठे म्हणजे कुठे बंद पडली नाही.

तेव्हापासून गावात काही जड उचलायचं असलं, की मला मुद्दाम माणूस पाठवून बोलावतात. ओट्यावर बसवतात, हातात चहा देतात. मी नीट बसलोय याची खात्री झाली, की मग सगळे उचलायला हात लावतात.