कोरायची राहिलेली तारीख

लेकीकडे जर्मनीला गेले होते, तेव्हा तिच्या गावातलं जुनं चर्च पाहिलं. आत भिंतीशी एक दगडी सरदार हात जोडून उताणा झोपलेला, पायाशी त्याचा कुत्रा. राज्य आपल्या एखाद्या तालुक्याएवढंही नसेल. सगळा जन्म शेजारच्या सरदाराशी एका टेकडीवरून भांडण्यात गेला, असं लेकीनं तिथली पाटी वाचून सांगितलं. ही समाधी त्यानं जिवंतपणीच घडवून घेतली होती. मृत्यूची तारीख तेवढी मागाहून कोरायची म्हणून कडेला जागा सोडली होती. ती अजून रिकामीच आहे.

"वारसांना सवड झाली नसेल," लेक हसून म्हणाली.

मलाही आधी त्याची कीवच आली. ज्या टेकडीपायी माणसं मारली ती पोरांनी राखली, आणि बापासाठी चार अक्षरं कोरून घेतली नाहीत! त्या गुळगुळीत जागेवरून मी बोट फिरवलं. दगड गार होता. मग वाटलं, पाथरवट छिन्नी घेऊन आलाही असेल, आणि घरातल्याच बाईनं त्याला दारातून परत पाठवलं असेल. आज नको, पुढं बघू.

"आई, चल ना. काय बघतेस एवढं?"

"काही नाही," म्हणाले.

हे गेले, तरी आमच्या दारावर अजून त्यांच्याच नावाची पाटी आहे. ती बदलून घे, असं लेक दर फोनला सांगते, आणि मी दर वेळी म्हणते, बघू, दिवाळीनंतर.