आक्काची बिनमाशीची झुकिनी

भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बाईने तो चिरायचा, ही रीत आमच्या हडपसरच्या घरात अजून पाळतात. घरात पुरुष नसेल तर शेजारचा बोलवायचा. माझ्या आक्काआत्याने मात्र जन्मात कधी कुणाला बोलावलं नाही. भोपळा विळीवर धरायचा, वरून एक दणका द्यायचा, दोन फाका मोकळ्या. माझी आई कळवळायची. "अहो आक्का, वंशाला लागतं ते." आक्का म्हणायची, "कुणाच्या वंशाला? मला न्हाईच. आन् तुझी पोरगी तर चांगली धडधाकट हाय." ती धडधाकट पोरगी म्हणजे मी.

आक्का ही माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नाही म्हणून सासरी टोमणे सुरू झाले, तेव्हा कुणी घालवायची वाट न बघता ती पिशवी भरून माहेरी आली. आजोबा शहाणे. त्यांनी विहिरीजवळचा तुकडा जिवंतपणीच तिच्या नावावर करून टाकला. पुढे गाव शहरात गेलं. अण्णांनी आणि काकांनी आपापली जमीन बिल्डरला दिली, टॉवर उभे राहिले. मधे उरला आक्काचा तुकडा, आणि पुढच्या टॉवरांचा रस्ता नेमका त्यातूनच काढायचा होता. तिची सही मिळाली की सगळ्यांचं घोडं गंगेत न्हाणार होतं. काका दर सणाला विषय काढायचे. "एकटा जीव तू, कशाला माती उकरत बसतीस?" आक्का त्यांच्या पानात पोळी वाढायची आणि म्हणायची, "तूप घे." विषय संपला.

मग टॉवरमधल्या मंडळींना बाल्कन्यांतली मधमाश्यांची पोळी नकोशी झाली. औषध मारणारे आले, धूर झाला, पोळी गेली. त्या हंगामात आक्काच्या वेलांवर काकडी धरेना, भोपळा धरेना. बोटाएवढं फळ दिसायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. पराग न्यायला माशीच नाही, तर दुसरं काय होणार? आक्का भल्या सकाळी नर फुलं खुडायची आणि वाकून वाकून एकेका मादी फुलाला लावत फिरायची. शेवटी कंबर धरली. अण्णा मला फोनवर म्हणाले, "आता येईल ताळ्यावर." त्यांच्या आवाजात चक्क समाधान होतं. सख्ख्या बहिणीची कंबर गेली आणि यांना समाधान! मी फोन ठेवून दिला.

ताळ्यावर येणं आक्काच्या पत्रिकेतच नव्हतं. रोपवाटिकेतल्या माणसाने तिला झुकिनीची एक जात सांगितली. भोपळ्याच्याच कुळातली, पण हिला माशी नको, पराग नको, मादी फूल आपल्या आपण फळ धरतं. आक्काने त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. "म्हंजे नर फुलाचं कामच न्हाई?" तो म्हणाला, "काहीच नाही." आक्का म्हणाली, "मग इतकी वर्सं कुठं व्हती ही?" आणि बी घेऊनच घरी आली.

वाफ्यांवर तिने कीड येऊ नये म्हणून चारी बाजूंनी जाळी ठोकली. आत हिरवीगार झुकिनी लगडली. आक्काला तिची चव मुळीच आवडली नाही. पीठ पेरून केली, थालीपिठात घातली, तरी तोंड वाकडंच. "चवीला मिळमिळीत हाय," ती म्हणायची, "पर रग हाय बयेच्या अंगात." टॉवरमधल्या बायका फाटकाशी घ्यायला येऊ लागल्या. एकीने कौतुकाने विचारलं, अहो आजी, हे नवीन कसं सुचलं? आक्का म्हणाली, "तुमी माश्या मारल्या, म्हून सुचलं. देऊ का दोन?" बाईने निमूट दोन घेतल्या.

एकच चूक झाली. आमच्याकडे वेलावरचं सगळ्यात देखणं फळ बियाण्याला राखतात, चुकून कुणी तोडू नये म्हणून देठाला लाल दोरा बांधतात. आक्काने सवयीने एका झुकिनीला दोरा बांधला. ती चांगली मांडीएवढी झाली, सालीला नख लागेना. दिवाळीला आम्ही सगळे जमलो असताना तिने ती फोडली. आत गर आणि चार पोचट पापुद्रे. बी नाहीच. परागच नाही तर बी कुठून येणार, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. काका हसत म्हणाले, "तुझ्यासारखीच की गं. मागं काय राहणार?"

मला काकांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आक्काचा चेहरा पडला, तो मी तेवढा एकदाच पडलेला पाहिला. मग तिने त्या फळाच्या फोडी केल्या, म्हशीपुढे टाकल्या आणि परत येऊन म्हणाली, "सही न्हाई करायची मी. आज इचारलं न्हाईस, तरी सांगून ठिवते."

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. चार दिवसांचं दुखणं, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. तेरावं झालं आणि कळलं की तिने मृत्युपत्र करून तो तुकडा माझ्या नावे ठेवलाय. आता दर रविवारी मी बिबवेवाडीहून तिथे जाते. बी दर हंगामाला विकत आणावं लागतं, ते आणते.

परवा अण्णा माझ्या घरी आले. म्हणाले, "तू शिकलेली, नोकरीवाली. तुला काय करायचीय ती माती? सही करून मोकळी हो." मी म्हटलं, "नाही करणार." त्यांनी कारण विचारलं. मी दिलं नाही. चहा तसाच ठेवून ते उठले, दारात चपला घालताना म्हणाले, "आक्काच्या वळणावर गेलीस शेवटी."

"उशिराच गेले, अण्णा," मी म्हटलं.