तारांखालचा रुमाल

अर्लीनला नाही म्हणता येत नव्हतं, हीच तर सगळी पंचाईत. बहिणीला माती देऊन नऊ दिवस झाले होते, आणि त्याच रविवारी मिस्टर ऑक्टेव्हच्या मानाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे ड्रम तिनेच वाजवायचा होता. तोही नाचऱ्या तालात. म्हातारा एकोणनव्वद वर्षांचा. पुढच्या वर्षी करू म्हणायची सोय नव्हती.

न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीत मिस्टर ऑक्टेव्हच्याच ओट्यावर ती ड्रम शिकली. "पोरींनी कुठे ड्रम वाजवायचा असतो!" असं सगळी गल्ली म्हणत असताना नऊ वर्षांच्या अर्लीनला त्यांनी सहा महिने उशीवर काठ्या मारायला लावल्या. जॅझ कधी शिकवणार विचारलं की म्हणायचे, "आधी हाताला गप्प राहायला शिकव." पुढे ती शाळेची बस चालवायला लागली, नवरा आला आणि गेला, पण बँडमधली जागा काही तिने सोडली नाही. धाकटी बहीण आयनेझ छत्री नाचवत मिरवणुकीत मागे असायचीच. मग ते वादळ आलं, घर गेलं, आणि आयनेझ ह्यूस्टनची झाली.

तिथेच ती वारली. अर्लीन ड्रम घेऊन गेली. ड्रमच्या खालच्या कातड्याला लागून ताणलेल्या तारांमध्ये रुमालही कोंबून ठेवलेला. आमच्यात मयताला नेताना तसाच घालतात, म्हणजे आवाज दबका निघतो. मग माणसाला निरोप देऊन मोकळं करतात, रुमाल ओढून काढतात आणि नाचत घरी येतात. पण आयनेझचा नवरा पडला चर्चमधला बडा माणूस. दारातच म्हणाला, "हे बघ अर्लीन, तसला तमाशा आमच्याकडे चालत नाही." ड्रम डिकीतच राहिला. आणि बसभर पोरांना एका हाकेत गप्प करणारी ही बाई, तिथे चकार शब्द बोलली नाही!

परत आल्यावर मिस्टर ऑक्टेव्हनी विचारलं, "नीट नेलंत ना तिला?"

"हो, वाजतगाजत," ती म्हणाली. खोटं का बोलली? लाज वाटली, दुसरं काय.

रविवारी मिस्टर ऑक्टेव्ह पांढरा सूट घालून उघड्या गाडीत बसले होते. ट्रम्पेटवाला वेंडेल म्हणाला, "बाई, तोंड नीट कर. म्हातारा अजून जिवंत आहे!" लोक हसले. अर्लीनने काठ्या उचलल्या आणि पहिला ठोका मारला.

डब्ब.

रुमाल तसाच आत होता. नऊ दिवस ड्रमला तिने हातच लावला नव्हता. "अगं, रुमाल काढ!" वेंडेल ओरडला. तिने काठ्याच खाली केल्या.

मिस्टर ऑक्टेव्ह काठी टेकत गाडीतून उतरले. ड्रमखाली बोटं घातली, चाचपलं.

"हा कोणाचा?"

"आयनेझचा," ती म्हणाली. "वाजवलंच नाही, मिस्टर ऑक्टेव्ह. मी डिकीसुद्धा उघडली नाही."

"म्हणजे पोर अजून अडकूनच आहे? आणि तू माझ्यापुढे नाचायला निघालीस?" ते बँडकडे वळले. "संथ वाजवा."

"पण आज तुमचा दिवस," वेंडेल म्हणाला.

"माझाच आहे ना? मग मी सांगतो ते वाजवा!"

दोन गल्ल्या बँड संथ चालला. लोकांनी टोप्या काढल्या. अर्लीन रडत होती, आणि ठोका एकही चुकत नव्हता. म्हातारा तिच्या शेजारून चालत होता. धाप लागली होती, पण गाडीत बसेना. कोपऱ्यावर त्यांनी हात वर केला. "सोड तिला आता."

तिने रुमाल ओढला. ट्रम्पेट कडाडला, छत्र्या उघडल्या, पोरंटोरं उड्या मारायला लागली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला.

म्हाताऱ्याने तिच्या हातातून रुमाल घेतला, शांतपणे चार घड्या घातल्या आणि तिच्याच सदऱ्याच्या खिशात सारला.

"जपून ठेव. माझ्या वेळी हाच घाल."

"नाही घालणार मी!" ती ओरडलीच.

"घालशील," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.