मामाचं अपील

लिफ्टमध्ये कुणाच्या तरी उग्र अत्तराचा वास आला आणि ठाण्याच्या कोर्टातली ती दुपार आठवली. घोडबंदर रोडच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडताना माझ्या मामाने शेजारच्या म्हाताऱ्या काकांचं मनगट पिरगळून मोडलं होतं. खालच्या कोर्टाने वर्षभराची कैद दिली. मामा अपिलात गेला आणि जामिनावर मोकळा फिरत राहिला. “शिक्षा कायम राहील, कमी होईल, नाहीतर निर्दोष सुटाल,” वकील सांगायचे. शेवटी निकाल लागला: मामा दोषीच, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका. बाहेरच्या घामट गर्दीत त्याने अत्तरासकट मला मिठी मारली. “अगं, जिंकलो!” बाकावर काकांना त्यांची बायको बाटलीने पाणी पाजत होती, कारण त्यांची बोटं अजून मिटत नव्हती. मामा तिथे गेला आणि “काका, झालं गेलं विसरा,” म्हणत त्याने नेमका तोच हात धरून हलवला. काका कळवळले, मामा हसला. मला इतकी किळस आली की त्याच्या गाडीत न बसता मी रिक्षाने घरी आले. अजूनही घरात कुणी “मामा अपील जिंकला” म्हणालं की मी म्हणते, “दोषी आहे तो,” आणि मग सगळे खाली मान घालून जेवतात.