क्रूस धुवायचा मान

सगळ्यांना चणे स्टीलच्या वाटीत मिळाले. मला कागदी प्लेटमध्ये. तेही लांबून, हात लागू नये असे.

दिले कोणी? फिलूनं. शाळेत माझ्या बाकावर बसणारी फिलू, आज मुख्याध्यापिका.

आमचं गावठाण मालाडच्या टॉवरांमध्ये दबून गेलंय. १९१८च्या तापातून जे वाचले, त्यांनी इथं क्रूस उभारला. दरवर्षी त्याच्यापुढे लदीन म्हणतो, प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतो. त्या तापात घरंच्या घरं आडवी झाली होती. आई मेली तरी लेक जवळ जाईना. तेव्हा माझी पणजी कातरीन दारोदार पाणी घेऊन फिरली. मेलेल्यांना तिनं धुतलं, कपडे चढवले. तेव्हापासून लदीनच्या आदल्या दिवशी क्रूस धुवायचा मान आमच्या घराचा. आईनं धुतला, मी धुते. गुडघे धरलेत, तरी धुते. केवढा तोरा होता मला त्या मानाचा!

यंदा क्रुसाला संगमरवरी पाटी बसणार होती. पाटीच्या मजकुरासाठी फिलू तीन दिवस माझ्या ओट्यावर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसली. "तुझ्या पणजीचं नाव दगडावर येनार, बघ." मी होतं नव्हतं ते सगळं सांगितलं.

आज लदीननंतर पडदा सरला. पाटीवर क्रुसासाठी जमीन देणाऱ्या घराण्यातली सात नावं. फिलू त्याच घरची सून. खाली एक ओळ, 'आणि इतर सेवेकरी'. मी दोनदा वाचली.

प्लेट हातात धरूनच मी विचारलं, "फिलू, कातरीनचं नाव कुठाय?"

"क्रुसाच्या कमिटीला नको होतं गो. मुडदे धुनारीचं नाव क्रुसावर बरं दिसत नाय."

"मग क्रूस धुवायचा मान आमच्याकडे कसा?"

ती हसली. "मान कसला? तापाच्या क्रुसाला दुसरं कोन हात लावनार? ज्यांनी मुडदे धुतले, त्यांनीच तोपन धुवायचा. ठरलेलंच होतं ते."

माझ्या अंगाची लाही झाली. शंभर वर्षं आम्ही मान म्हणून मिरवलं, ते गावानं आमच्या गळ्यात मारलेलं काम होतं. आणि फिलूला हे ठाऊक होतं. माझ्या हातचा चहा पिताना ठाऊक होतं. फसवलं तिनं मला.

प्लेट मी तिच्या हातात परत दिली. मुद्दाम बोटं लावून.

"पुढच्या लदीनला बादली तू आन," मी म्हटलं. "कातरीनचं नाव कोरल्याशिवाय या क्रुसाला माझ्या घरचं पानी नाय. माझी पोरगीपन धुनार नाय."