घरी सांगितलेला हुद्दा

लेबर ऑफिसरकडून आत बोलावणं येण्याआधी मी प्रसादला पुन्हा बजावलं, "विचारलं तर एवढंच सांगायचं. मी पार्ट मोजतो. माझ्या हाताखाली कोणी नाही."

"हो, मॅडम," तो म्हणाला. तोंड उतरलेलं होतं.

मी कामगार कायद्याची वकील. बेंगळुरातच वाढले. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांची भांडणं हे माझं रोजचं दळण. प्रसाद तिथल्याच एका कारखान्यात क्वालिटीला होता. मशीनवरून उतरलेला पार्ट घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा, पास किंवा रिजेक्ट करायचा. मग कंपनीने त्याला 'असिस्टंट मॅनेजर' केलं. काम तेच, टेबल तेच. फक्त घरी जायची वेळ तेवढी गेली.

ही तिथली जुनी युक्ती आहे. कामगाराला जास्त तास राबवलं तर ओव्हरटाइम द्यावा लागतो, आणि त्यालाही मर्यादा असते. मॅनेजरला यातलं काही लागू होत नाही. म्हणून निम्मा फ्लोअर मॅनेजर! कायदा मात्र व्हिजिटिंग कार्डावर जात नाही. तुम्ही कोणाची रजा मंजूर करू शकता का, कोणाला ठेवू-काढू शकता का, हे बघतो. हातात तसलं काहीच नसेल, तर कार्डावर काहीही असो, तुम्ही कामगारच.

प्रसाद बारा-बारा तास निमूट उभा राहिला. पुढे रविवारही मागायला लागले. आईच्या वर्षश्राद्धाच्या रविवारी तो गेला नाही, एवढाच गुन्हा. सोमवारी वॉचमनने त्याला गेटवरच अडवलं. वय चाळिशीच्या पुढे. कंपनीशी भांडलेल्या माणसाला पीण्यात दुसरीकडे कोणी उभं करत नाही. त्याला तीच नोकरी परत हवी होती.

आणि ती मिळत होती. असा वाद आधी लेबर ऑफिसरकडे समझोत्यासाठी जातो. मागच्या तारखेला कंपनीचा एचआर मॅनेजर नरमला होता. "रख लेंगे, मॅडम, बात मत बढ़ाइए," असं तो मला जिन्यात म्हणाला होता. मोजमाप करणारा माणूस कोर्टात मॅनेजर ठरणार नाही, हे त्यालाही कळत होतं.

त्या दिवशी मात्र प्रसादचे वडील बरोबर आले होते. सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. "त्यांना बाहेरच बसू दे," मी प्रसादला हळूच म्हटलं. त्याला ते सांगवलं नाही. ते आत येऊन आमच्या मागच्या खुर्चीवर बसले.

ऑफिसरने कन्नडमध्ये विचारलं, "एन् केलस माडतीरा? हेळी." काय काम करता, सांगा.

प्रसादने एकदा मागे पाहिलं. मग चक्क इंग्रजीत म्हणाला, "सर, आय हँडल द होल फ्लोअर. ट्वेल्व्ह पीपल रिपोर्ट टु मी."

मी कपाळाला हात लावायची तेवढी राहिले. "सर, याला कोणाची अर्ध्या दिवसाची रजाही मंजूर करता येत नाही..."

"अवरे हेळतिद्दारल्ला, मॅडम," ऑफिसर म्हणाले. ते स्वतःच सांगताहेत ना.

"प्लीज रेकॉर्ड इट, सर," एचआर मॅनेजर लगेच म्हणाला. रेकॉर्ड झालं. परत घेण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

बाहेर आल्यावर मी प्रसादला बाजूला घेतलं. मला भयंकर राग आला होता. "काय केलंस हे?"

"बाबा बसले होते, मॅडम."

"कोर्टात जाता येईल अजून. तुझ्याबरोबरचे लोक साक्षीला आणू."

"म्हणजे मी मॅनेजर नव्हतो, हे सिद्ध करायचं?"

"हो."

"त्यांच्यासमोर?"

"ते येणारच असतील तर, हो."

"मग राहू दे."

खाली रस्त्यावर वडिलांनी मला थांबवलं. प्रसाद रिक्षा बघायला पुढे गेला होता. "ऐकलंत ना, मॅडम? अख्खा फ्लोअर सांभाळायचा. असा माणूस घालवला त्यांनी. नुकसान त्यांचंच आहे." त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता. इतकं वाईट मला केस हरल्यावरही कधी वाटलं नव्हतं. मी "हो" म्हटलं.

आता अशील आला की मी त्याचा हुद्दा नंतर विचारते. आधी विचारते, घरी काय सांगितलंय? बरेचजण उत्तर देण्याआधी माझ्या केबिनचं दार नीट लागलंय का ते बघतात.