बाभळीच्या फांद्या

राहुरीजवळच्या पाणथळीतला रस्ता रुंद होतोय. गरम डांबराचा वास आला आणि त्याच रस्त्यावरची कॉलेजच्या दिवसांतली एक सकाळ आठवली.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कांद्याचा टेम्पो मध्येच थांबवून रस्त्यात बाभळीच्या फांद्या टाकल्या. गाडी बंद पडल्यावर टाकतात तशा. मागचा ट्रकवाला ओरडला, "काय बिघडलं?"

"काय न्हाई. कासव चाललंय, पानी पल्याड हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रकवाल्याने मात्र इंजिन बंद केलं. चिखलाचा ओला माग सोडत कासव सावकाश पलीकडे गेलं.

अण्णा गेल्यापासून माझ्याही टेम्पोत फांद्या असतात. आज रस्त्याखाली नवी मोरी दिसली. वाकून पाहिलं, तर आत चिखलाचा तसाच ओला माग. फांद्या तिथेच काठावर उतरवल्या आणि निघालो.